करपलंय? छे हो, ते तसंच असतं!

चूक झाली, मान्य! गेल्या वर्षी याच कॉलममध्ये मी बिनधास्त ठोकून दिलं होतं की पोर्तुगीज एग टार्ट म्हणजे चायनीज एग टार्टच, फक्त वरून जरा जास्त भाजलेला. झालं! हाँगकाँगच्या मावसबहिणीचा फोन. ‘‘न खाता लिहितेस? लाज वाटू दे जरा!’’ फ्रीलान्सरचं दुकान विश्वासावर चालतं, बॉस. त्यामुळे यंदा तिच्याकडे गेले तेव्हा कान पकडून दोन्ही खाल्ले.

हाँगकाँगमध्ये याला ‘दान ताट’ म्हणतात. दान म्हणजे अंडं आणि ताट म्हणजे इंग्रजी ‘टार्ट’च! आत अख्खी अंडी, साखरेचं पाणी आणि आटवलेलं दूध. मिश्रण गाळून बेताच्या आचेवर भाजतात, म्हणून वरचा भाग आरशासारखा पिवळाधमक, जरासा थरथरणारा. त्यावर डाग पडला तर कारागिराची चूक. पारी दोन प्रकारची: एक नानकटाईसारखी भुसभुशीत, दुसरी पापुद्र्यांची. (पापुद्र्यांच्या पारीत बऱ्याचदा डुकराची चरबी असते. नको असेल तर आधी विचारा!) ब्रिटिशांचे शेवटचे गव्हर्नर ख्रिस पॅटन यांनाही या टार्टचं वेड होतं.

पोर्तुगीज ‘पास्तेल द नाता’चं गणितच वेगळं. मठांमध्ये कपड्यांना खळ करायला अंड्यातला पांढरा भाग लागायचा, उरलेल्या बलकांचं करायचं काय? मिठाया! 1834 मध्ये पोर्तुगालमधले मठ बंद झाले आणि 1837 पासून लिस्बनच्या बेलें भागातलं दुकान हे टार्ट विकतंय. यात फक्त बलक, दूध, थोडं पीठ आणि दालचिनी-लिंबाच्या सालीचा पाक. पारी म्हणजे आपल्या साट्याच्या करंजीची लांबची बहीण. लोणी लावून घड्या घालायच्या, गुंडाळी करायची, लाट्या कापायच्या आणि ओल्या अंगठ्याने साच्यात दाबत न्यायच्या. मग भट्टी अशी कडक की वर काळे ठिपके उठलेच पाहिजेत. म्हणजे एकाची चूक, तीच दुसऱ्याची ओळख! आणि मी लिहिलं होतं, ‘जरा जास्त भाजलेला’. अरे देवा!

पण खरी गंमत मकावची. तिथल्या कोलोआन गावात 1989 मध्ये बेकरी काढली अँड्र्यू स्टो या इंग्रजाने, तोही मूळचा फार्मासिस्ट! लिस्बनचा टार्ट डोक्यात, हात मात्र इंग्लिश कस्टर्डचा. गोड कमी, दालचिनी गायब, ठिपके कायम. पुढे त्याच्या घटस्फोटित बायकोने, मार्गारेट वाँगने, आपली रेसिपी केएफसीला विकली आणि चीनभर ‘पोर्तुगीज’ म्हणून जो टार्ट पोचला तो या घराण्यातला. म्हणजे लिस्बनवाल्यांनी नाक मुरडलं तर त्यांना दोष देता येणार नाही.

माझं मत? चहाबरोबर हाँगकाँगचा. पण भट्टीतून नुकताच निघालेला, कडेला कुरकुरीत, आत जीभ पोळणारा मकावचा टार्ट... त्याच्यापुढे आपण तर सपशेल शरण!

सहा टार्टचा डबा जिवापाड जपत घरी आणला. आईने झाकण उघडलं, चष्मा लावला, सुरी आणली आणि एकेक काळा ठिपका खरवडायला बसली. ‘‘एवढ्या लांबून करपलेलं कशाला आणलंस गं?’’