पसंतिक्रमाचा रकाना

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेश मिळावा म्हणून बारावीच्या उंबरठ्यावरील मुले संघ लोकसेवा आयोगाकडे जो अर्ज करतात, त्यात एक लहानसा रकाना असतो. भूदल, नौदल व वायुदल यांपैकी आपली पसंती कोणत्या क्रमाने, एवढेच त्यात सांगावयाचे असते. सतरा वर्षांच्या मुलाच्या साऱ्या आयुष्याची दिशा त्या रकान्यावर अवलंबून असते. आणि आमच्या सुशिक्षित घरांत एखादे भांडे घेतानाही जी चौकशी होते, तेवढीही हा रकाना भरताना होत नाही. कोणी चित्रपट पाहून वायुदल लिहितो, कोणी पांढऱ्या गणवेशाच्या मोहाने नौदल. कोणी जागा मोजतो. अलीकडच्या जाहिरातींत प्रबोधिनीच्या ३७० जागांपैकी २०८ भूदलाच्या, १२० वायुदलाच्या व ४२ नौदलाच्या असतात. तेव्हा जिथे जागा अधिक ते दल पहिले, असा हा हिशेब. हा हिशेब नोकरी शोधणाराचा आहे, सेनानी होऊ इच्छिणाराचा नव्हे.

वास्तविक ही निवड बारावीनंतर होतच नाही. ती दहावीनंतर, नकळत, होऊन गेलेली असते. नौदल व वायुदल यांसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय आवश्यक आहेत. कला वा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला प्रबोधिनीत केवळ भूदलाचे दार उघडे राहते आणि त्यालाही लेखी परीक्षेतील ९०० गुणांपैकी ३०० गुणांची गणिताची पत्रिका चुकत नाही. तिन्ही दलांचे वैद्यकीय निकषही सारखे नाहीत. दृष्टीच्या बाबतीत वैमानिकासाठी ते विशेष कडक आहेत. वैमानिकाची जी अभियोग्यता चाचणी होते, ती तर आयुष्यात एकदाच देता येते. या गोष्टी नववी-दहावीच्या वर्गात किती शाळा सांगतात? ज्या शाळेला त्या सांगता येत नाहीत, तिने प्रजासत्ताकदिनी वीरश्रीची भाषणे ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

नियमांपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न रोजच्या जीवनाचा आहे. भूदलाच्या अधिकाऱ्याचे खरे साधन म्हणजे माणसे. आपल्याहून वयाने व अनुभवाने मोठ्या जवानांचा विश्वास ज्याला संपादन करता येणार नाही, त्याने तिकडे वळू नये. नौदलात अरुंद जागा, रात्रीअपरात्रीचे पहारे व घरापासून दीर्घ काळ दूर राहणे हे नित्याचे. समुद्राचे वेड असून भागत नाही, एकाच जहाजावर त्याच माणसांबरोबर महिनोन्‌महिने नांदण्याचा स्वभाव लागतो. वायुदलात गेलेला प्रत्येक जण विमान चालवीत नाही, हे तर पुष्कळ पालकांना ठाऊकच नसते. जमिनीवरून विमान सज्ज ठेवणाराचे काम वैमानिकाइतकेच मोलाचे आहे. पण ते ज्याला कमीपणाचे वाटेल, त्याने आधीच विचार केलेला बरा.

कोणते दल श्रेष्ठ, हा वाद मात्र व्यर्थ आहे. २०१९ च्या अखेरीस जनरल मनोज नरवणे भूदलप्रमुख झाले, तेव्हा नौदलाचे प्रमुख ॲडमिरल करमबीर सिंग व वायुदलाचे प्रमुख एअर चीफ मार्शल भदौरिया हे दोघेही त्यांचे प्रबोधिनीतील एकाच तुकडीचे सहाध्यायी होते. विशेष म्हणजे तिघांचेही वडील वायुदलात होते. पित्याची वाट एकाने धरली, दोघांनी सोडली. कोणाचेच त्यामुळे अडले नाही. आपल्या अपुऱ्या राहिलेल्या हौशीचा भार मुलांवर टाकणाऱ्या पालकांनी एवढे उदाहरण ध्यानात ठेवावे. २०२२ पासून प्रबोधिनीत मुलींनाही प्रवेश मिळू लागला असून पहिल्या सतरा जणी मे २०२५ मध्ये उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. तेव्हा हा सल्ला मुलींच्या पालकांनाही तितकाच लागू आहे.

आणखी एक गोंधळ दूर केला पाहिजे. २०२२ साली सुरू झालेली अग्निवीर भरती व प्रबोधिनीचा प्रवेश या दोन भिन्न वाटा आहेत. पहिली अधिकारीपदाखालील भरतीची. तिच्या मूळ नियमानुसार मुदत चार वर्षांची, आणि पुढे कायम व्हावयाचे ते २५ टक्क्यांपर्यंतच. दुसरीत तीन वर्षांच्या शिक्षणानंतर आपापल्या दलाच्या संस्थेत पुढील प्रशिक्षण घेऊन अधिकारपद मिळते. दोन्ही मार्ग मानाचे आहेत. परंतु कोणत्या मार्गाला लागलो आहोत हे मुलाला व त्याच्या घराला पहिल्या दिवशी ठाऊक असलेच पाहिजे.

म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच की, दहावीचा निकाल लागण्यापूर्वी मुलाची दृष्टी तपासून घ्या, विषयांचे नियम वाचा, तिन्ही दलांतील निवृत्त अधिकाऱ्यांशी त्याची गाठ घालून द्या आणि मग बाजूला व्हा. रकाना त्याचा त्याला भरू द्या. ज्याच्यावर उद्या इतरांच्या प्राणांची जबाबदारी पडावयाची आहे, त्याच्या आयुष्यातील पहिला निर्णय तरी उसना नसावा.