मेडिकलची बाग सेल्फीसाठी नसते, भाऊ

मंडळी, पोस्ट लांब आहे. विषयही जरा वेगळा आहे. पण आपल्या जिल्ह्याचा आहे म्हणून शेवटपर्यंत वाचा, मग कमेंटमध्ये शिव्या द्यायच्या तर द्या.

१ डिसेंबर २०२३ ला नागपूरच्या मेडिकलचा अमृतमहोत्सव झाला. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू आल्या होत्या. १९४७ चं कॉलेज, पंच्याहत्तर वर्षं झाली, उत्सव व्हायलाच पाहिजे होता. माजरी, भद्रावती, वरोरा पट्ट्यात असं घर दाखवा की ज्यातलं कुणीच कधी 'मेडिकल'च्या व्हरांड्यात चादर टाकून झोपलं नाही. तिथे शिकलेल्या डॉक्टरांनी आपली माणसं वाचवली आहेत. तेव्हा त्या कॉलेजबद्दल वाकडं बोलायला मी बसलेलो नाही.

माझा वाद आपल्याकडच्या एकूण उत्सवांच्या पद्धतीशी आहे. वीसेक वर्षं असे कार्यक्रम कव्हर करून राहिलो. शाळेचा सुवर्णमहोत्सव असो की दवाखान्याचं उद्घाटन, साचा एकच. कमान, बँड, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, स्मरणिका, आणि भाषणं संपली की मान्यवरांच्या हस्ते वृक्षारोपण. त्या रोपाजवळ एक फलक लागतो. त्यावर झाड कुणी लावलं त्याचं नाव, पद आणि तारीख मोठ्या अक्षरात असते. झाड कोणतं आहे ते मात्र लिहिलेलं नसतं. पुढच्या उन्हाळ्यात जा, फलक शाबूत असतो, झाड गेलेलं असतं. खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यांवरचे वृक्षारोपणाचे फोटो आपण माजरीकरांनी कमी पाहिलेत का?

आता हे फलकाचं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

फ्रान्समध्ये मॉन्पेलिए नावाचं शहर आहे. तिथल्या मेडिकल कॉलेजचे नियम १२२० साली लिहिले गेले, म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादव राज्य करत होते तेव्हा. ते कॉलेज आजही चालू आहे. २०२० मध्ये त्याची आठशे वर्षं शहरानं साजरी केली. त्या कॉलेजचा अभिमान म्हणजे त्याची वनस्पतींची बाग. १५९३ साली राजानं हुकूम काढला आणि रिशे द बेलव्हाल या वैद्यकाच्या प्राध्यापकानं ती उभी केली. उन्हातली झाडं उन्हात, सावलीतली सावलीत, डोंगरातली मुद्दाम रचलेल्या उंचवट्यावर. १६२२ मध्ये शहराला वेढा पडला आणि बाग उद्ध्वस्त झाली. प्राध्यापकानं पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतली.

एवढा अट्टाहास कशासाठी? तर डॉक्टर होणाऱ्या पोराला झाड ओळखता आलं पाहिजे म्हणून. इटलीतल्या पादुआची बाग तर त्याहून जुनी, १५४५ ची. त्या काळी औषध म्हणजे मुळी, साल, पान. एका मुळीच्या जागी दुसरी दिली की रोगी मेला. चुकाही व्हायच्या आणि फसवणूकही. म्हणून विद्यापीठानं ठरवलं की पोरांनी पुस्तकातली चित्रं पाहून भागणार नाही, जिवंत झाड पाहायचं. त्या बागेतली औषधी झाडं लोक चोरू लागले, तेव्हा भोवती गोल भिंत घातली. म्हणजे मेडिकल कॉलेजची बाग ही ऑपरेशन थिएटरइतकीच कामाची जागा होती. कारंजं आणि 'आय लव्ह अमुकतमुक'ची अक्षरं नंतर आली.

आपल्या महाराष्ट्रातही ही परंपरा होती. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. तिथल्या पहिल्या तुकडीतले डॉ. भाऊ दाजी लाड कुष्ठरोगावर वनस्पतींतून औषध शोधत होते. कडू कवठाच्या बियांच्या तेलानं पुढे कित्येक वर्षं कुष्ठरोग्यांवर उपचार झाले. आनंदवन ज्यांच्या शेजारी आहे त्या आपल्याला याची किंमत कळायला पाहिजे. त्याच कॉलेजचे डॉ. सखाराम अर्जुन वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मुंबईत औषध म्हणून काय काय विकलं जातं, ताजं काय वापरलं जातं, याची यादी त्यांनी १८७९ मध्ये छापली. डॉ. रखमाबाईंचे हे सावत्र वडील. आणि आपल्या आजोबांच्या काळातलं उदाहरण पाहिजे असेल तर मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील. सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे रोग्यांवर तपासून त्यांनी १९४९ मध्ये इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. जगभरचे डॉक्टर ते औषध वापरू लागले. आणि मग काय झालं? जंगलातून सर्पगंधा इतकी ओरबाडली की तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आणावी लागली. ज्यांना ती मुळी पिढ्यान् पिढ्या माहीत होती त्यांच्या पदरात शून्य.

आता या आपल्या जिल्ह्यात.

चंद्रपूरला २०१५ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. मा. सां. कन्नमवारांचं नाव त्याला आहे. गडचिरोलीच्या कॉलेजचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी ऑनलाइन केलं, राज्यातल्या एकूण दहा कॉलेजांसोबत. आणि चंद्रपूर-बल्लारपूरच्या मधे विसापूरला अटलबिहारी वाजपेयींच्या नावाचं मोठं बॉटनिकल गार्डन आहे. म्हणजे मॉन्पेलिएकडे जे आहे ते सगळं आपल्याकडे आहे. कॉलेज आहे, बाग आहे. वरून असं जंगल आहे की जे त्यांच्याकडे नाही. फक्त कॉलेज वैद्यकीय शिक्षण खात्याचं आणि बाग वनखात्याची. दोन सरकारी खाती आपल्याकडे एकमेकांना कशी भेटतात हे ज्यानं एक साधा रस्त्याचा कागद हलवला असेल त्याला विचारा.

"भाऊ, दवाखान्यात डॉक्टर नाही, औषध नाही, अन् तुम्ही झाडं काय घेऊन बसले?" ही कमेंट येणार, मला माहीत आहे. डॉक्टर पहिले पाहिजेत, यात वादच नाही. पण डॉक्टर आल्यावर त्याच्यासमोर कोणता पेशंट येतो ते पाहा. शाळेच्या कुंपणाला लावलेल्या चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून पोरं खातात आणि उलट्यांनी बेजार होऊन दवाखान्यात येतात. अशा बातम्या दर दोन-चार वर्षांनी असतात. कुणी बिबा लावून चामडी जाळून घेतो. कुणाच्या पोटात धोत्रा जातो, कुणाच्या कळलावीचा कंद, कुणाच्या कण्हेरीची बी. बाई पदराच्या गाठीतून एक चुरगळलेलं पान काढून टेबलावर ठेवते, "हे खाल्लं जी यानं." त्या वेळी मुंबई-पुण्याहून आलेल्या पंचवीस वर्षांच्या डॉक्टराला ते पान ओळखता आलं पाहिजे की नाही? त्यानं वनस्पतींची विषं शिकलेली असतात, पण ती बरणीतल्या वाळलेल्या बियांवर. झाड उभं कसं दिसतं, फूल कोणत्या महिन्यात येतं, गावात त्याला काय म्हणतात, हे बरणी सांगत नाही.

आणि हेही स्पष्ट सांगतो, नाहीतर उद्या 'पत्रकार जडीबुटीचा प्रचार करतो' म्हणून बोंब होईल. साप चावला की सरळ दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांच्या विषावर सरकारी दवाखान्यात लस मिळते. मुळी उगाळत बसलात तर माणूस जाईल. मेडिकलची बाग असते तीच मुळी खरं-खोटं निवडायला. सर्पगंधा कसाला उतरली म्हणून औषध झाली. जे उतरत नाही ते टाकून द्यायचं. पण तपासायला आधी लिहून तर ठेवावं लागेल! सांगणारी म्हातारी माणसं एकेक करून चालली आहेत.

इथे तो फलक पुन्हा आठवा. १६७८ मध्ये कोचीनच्या डच गव्हर्नरनं, व्हान रीडनं, मलबारच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ छापायला सुरुवात केली. बारा खंड निघाले. हा काही आपला सगा नव्हता, व्यापारी कंपनीचा अधिकारी होता. पण इट्टी अच्युदन नावाच्या ज्या स्थानिक वैद्यानं माहिती दिली त्याचं नाव त्यानं ग्रंथात छापलं. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचं प्रमाणपत्र तर त्यांच्याच नागरी अक्षरात छापलं. साडेतीनशे वर्षांपूर्वी परक्या कंपनीला जे जमलं, ते आपल्या स्वतंत्र देशातल्या बागांना का जमू नये? पाटीवर लॅटिन नाव टाका, जरूर टाका. त्याखाली मराठी नाव टाका. पण गोंडी, माडिया, कोलामी नावं कुठे जातात? आणि अमुक उपयोग अमुक गावच्या अमुक आजीनं सांगितला, ही एक ओळ लिहायला किती रंग लागतो?

हे होऊ शकतं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी आदिवासी बायांशी बोलून झाडांवर 'गोईण' हे पुस्तक लिहिलं. डॉक्टर बाईनं बायांसमोर बसून ऐकलं, एवढंच. आणि ते पुस्तक आपल्या दोन्ही कॉलेजांच्या पोरांना पहिल्या वर्षी हातात द्यायला कोणत्या जीआरची गरज आहे?

नाव लिहिणं ही मानपानाची गोष्ट नाही, हक्काची आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती पाहिजे आणि लोक जैवविविधता नोंदवही पाहिजे. गावाच्या माहितीतून कुणी कंपनी पैसा कमावत असेल तर गावाला वाटा, हा त्या कायद्याचा गाभा. २०२३ च्या दुरुस्तीनं त्यात बऱ्याच सवलती घुसवल्या, लागवडीच्या औषधी वनस्पतींना आणि आयुषवाल्यांना वाट्यातून सूट दिली. म्हणजे आधीच बारीक असलेली वाट आणखी बारीक झाली. आता ज्याची नोंद नाही त्याला काहीच मागता येणार नाही. मेंढा (लेखा) गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला तो उत्सव करून नाही. वर्षानुवर्षे बसून, अभ्यास करून, कागद करून मिळवला.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. मेडिकल कॉलेज आणि विसापूरची बाग यांच्यात लेखी करार करा. दर वर्षीच्या तुकडीचे काही दिवस त्या बागेत जाऊ द्या, विषारी झाडांपासून सुरुवात करा. शिकवायला प्राध्यापकासोबत गावातला जाणकार बोलवा आणि त्याला पाहुण्या व्याख्यात्याचं मानधन द्या, नुसता चहा नको. गडचिरोलीचं कॉलेज तर नवीन आहे. बागेची जागा आखायची वेळ हीच असते, पन्नास वर्षांनी तिथे पार्किंग झालेलं असतं. आणि उद्घाटनाचा खर्च कमी करून त्यातून दोन माळ्यांचा पगार काढा. बाग कमानीवर जगत नाही, माळ्यावर जगते.

आमदार-खासदारांचे कार्यकर्ते ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे. साहेबांना दाखवा. स्क्रीनशॉट काढून नको, नीट वाचून दाखवा.

आणि आपल्यापुरतं सांगतो. माजरीच्या पुढच्या ग्रामसभेत मी नोंदवही टेबलावर ठेवा म्हणून मागणी करणार आहे. त्यात किती झाडं आहेत आणि सांगणाऱ्या किती माणसांची नावं आहेत ते सगळ्यांसमोर वाचू. ज्यांच्या घरी झाडपाल्याची माहिती असलेली आजी, आजोबा, मामा, कुणी असेल त्यांनी त्यांना सोबत आणा. चालता येत नसेल तर मला सांगा, मी गाडी घेऊन येतो.

बाजूच्या गावांनीही हेच करायला हरकत नाही. शेअर करा.