घरशिक्षण म्हणजे सुट्टी नव्हे

‘घरी शिकणारी मुले एकलकोंडी होतात आणि परीक्षेला मुकतात’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यात घरशिक्षणाचा स्वतंत्र उल्लेख नाही, हे खरे. पण राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतर्फे (एनआयओएस) १४ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला दहावीची परीक्षा देता येते, पुढे बारावीचीही.

राहिला एकलकोंडेपणा. आमची लेक मंडईत साठ रुपये किलोची भेंडी पाव किलो घेते, पंधरा रुपये मोजून देते आणि वर कोथिंबिरीची काडी मागून आणते. वाटीभर उडदाला तीन वाट्या तांदूळ, तर पाहुणे आल्यावर किती, हे गुणोत्तर तिने इडलीचे भिजवतानाच गिरवले. संध्याकाळी सोसायटीतल्या पोरांबरोबर लगोरी असतेच.

खरी अडचण पत्रलेखकांच्या नजरेतून निसटली. घरशिक्षणापायी नोकरीवर पाणी सोडावे लागते ते बहुधा आईला. दोघांच्या पगारावर चालणाऱ्या घराला हा मार्ग झेपत नाही. टीका करायचीच तर यावर करावी. मुलांना उगाच नावे ठेवू नयेत.

— एक पालक, पुणे