विश्लेषण : बीअरच्या ‘मॅश टन’चे माप लिटरवर ठरवावे की किलोवर?

बीअर तयार करण्याची भांडी विकताना ‘२० लिटर’, ‘५०० लिटर’ असे आकडे ठळकपणे लिहिले जातात. हा आकडा बहुधा तयार होणाऱ्या बीअरचा असतो. मॅश टनमध्ये मात्र बीअर नव्हे, तर धान्य आणि गरम पाणी मावायला हवे. खरेदीचा घोळ इथेच सुरू होतो.

मॅश टन म्हणजे काय?

यातील ‘टन’चा हजार किलोंशी संबंध नाही. टन म्हणजे मोठे पिंप. मोड आणून वाळवलेल्या बार्लीची, म्हणजे माल्टची भरड यात साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवतात. धान्यातील विकरे पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. तो गोड रस, म्हणजे ‘वर्ट’, गाळून उकळतात आणि थंड झाल्यावर यीस्ट घालून आंबवतात.

गणित कसे करायचे?

एक किलो माल्टला साधारण अडीच ते तीन लिटर पाणी लागते. पाण्यात मिसळल्यावर एक किलो धान्य सुमारे ०.६७ लिटर जागा व्यापते. म्हणजे तीन लिटरच्या प्रमाणात किलोमागे ३.६७ लिटर जागा हवी. साधारण पाच टक्के मद्यार्काच्या २० लिटर बीअरला ५ किलो माल्ट धरले, तर १५ लिटर पाणी आणि धान्याची ३.३५ लिटर जागा मिळून १८.३५ लिटर होतात. जाळीखाली साचणारे लिटरभर पाणी वेगळे मिळवावे लागते.

मग २० लिटरचे भांडे का पुरत नाही?

कुकर कोणी काठोकाठ भरत नाही, तसेच हेही. मिश्रण ढवळावे लागते. तापमान कमी पडले तर दोन-तीन लिटर उकळते पाणी वरून घालावे लागते. जागाच नसेल, तर चिकट आणि गरम मिश्रण हातापायांवर उतू जाते. म्हणून १० ते १५ टक्के जागा मोकळी हवी. वरच्या उदाहरणात २५ लिटरचे भांडे योग्य ठरते.

कडक बीअर करायची असेल तर?

तेव्हा माल्ट ८ किलोंपर्यंत जाते आणि जागा लागते २९ लिटरहून अधिक. पाणी किलोमागे २.२ लिटरवर आणले, तरी मिश्रण २३ लिटर होते. २५ लिटरच्या भांड्यात ते काठाला टेकते. शिवाय घट्ट मिश्रण ढवळणे आणि गाळणे अवघड जाते. त्यापेक्षा साडेपाच किलो माल्ट घेऊन १४ लिटरच्या आतच बीअर करणे शहाणपणाचे.

मग सर्वात मोठे भांडेच घ्यावे का?

नाही. मोठ्या भांड्यात थोडे धान्य घातले, की त्याचा थर पातळ होतो आणि गाळणी नीट होत नाही. रिकाम्या जागेमुळे उष्णताही लवकर निघून जाते. नेहमी लागणाऱ्या माल्टवर माप ठरवावे, वर्षातून एकदा होणाऱ्या कडक बीअरवर नव्हे.

महाराष्ट्रात हे घरी करता येते का?

ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्या वापरासाठी बीअर करायला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती गुन्हा आहे. त्यामुळे हे गणित येथे उपयोगी पडते ते परवानाधारक मायक्रोब्रुअरींना. तिथे पोलादी भांडे एकदा बसवले की बदलणे महाग पडते. म्हणूनच विक्रेत्याला ‘किती लिटर बीअर होईल’ असे विचारण्याआधी ‘किती किलो माल्ट मावेल’ हे विचारायला हवे. या प्रश्नाचे उत्तर देता न येणाऱ्याकडून भांडे घेऊ नये.