फांसा आणि गाऱ्हाणें

आमच्या वसतिगृहांतील मुलांस शनिवारीं दुपारीं संगणकाची खोली मोकळी असते. गेल्या पावसाळ्यापासून त्या खोलींत एकाच खेळाचें राज्य चाललें आहे. खेळाचें नांव ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’. तो कठीण आहे, लांबलचक आहे, आणि त्याजविषयीं मुलांत जेवढें भांडण होतें तेवढें क्रिकेटविषयींहि होतांना मीं पाहिलें नाहीं. हें भांडण मुलांपुरतेंच राहिलें असतें तर त्यासाठीं वार्षिकाचीं पानें अडविण्याचें कारण नव्हतें. परंतु सहामाही परीक्षेनंतर एका पालकांनीं पत्र लिहून हा खेळ बंद करावा अशी मागणी केली. आणि त्यांचें म्हणणें व मुलांचें गाऱ्हाणें हीं दोन्हीं एकाच मुद्द्यावर येऊन ठेपतात असें माझ्या ध्यानांत आलें. तो मुद्दा म्हणजे दैव.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. वेस्नॉथ हें एक कल्पित राज्य. मनुष्यें, वनांत राहणारे दीर्घायुषी एल्फ, डोंगर पोखरणारे बुटके ड्वॉर्फ, क्रूर ऑर्क आणि मांत्रिकांनीं उठविलेले हाडांचे सांगाडे यांच्या तेथें लढाया चालतात. पट षट्कोनी घरांचा असून एकानें आपले सर्व मोहरे हलविले कीं मग दुसऱ्याची पाळी येते. डेव्हिड व्हाइट यांनीं ‘मास्टर ऑफ मॉन्स्टर्स’ व ‘वॉरसाँग’ या दोन जुन्या खेळांपासून स्फूर्ति घेऊन २००३ सालीं तो प्रथम प्रसिद्ध केला. पुढें देशोदेशींच्या हौशी मंडळींनीं वेतनाची अपेक्षा न धरतां तो वाढविला, आणि आजहि तो कोणासहि फुकट मिळतो. त्याची अंतर्रचनाहि उघडी आहे. ज्यास ती वाचतां येते त्यानें खुशाल वाचावी. ही गोष्ट पुढें उपयोगीं पडणार आहे.

शत्रूवर केलेला वार लागेल कीं नाहीं हें तो शत्रु कोणत्या जमिनीवर उभा आहे यावर अवलंबून असतें. किल्ल्यांतील ऑर्कावर १०० वार केले तर सरासरीनें ४० लागतात. उघड्या माळावरील घोडेस्वारावर ६०. उथळ पाण्यांत सांपडलेल्या पायदळ शिपायावर ८०. ड्वॉर्फ पर्वतावर चढून बसला म्हणजे ३०च. शिवाय दिवस व रात्र यांचें चक्र सहा पाळ्यांत फिरतें. मनुष्यांपैकीं बहुतेक सैनिकांचें बळ दिवसां २५ टक्क्यांनीं वाढतें व रात्रीं तितकेंच घटतें. ऑर्कांचें नेमकें याच्या उलट. गांव ताब्यांत असलें कीं उत्पन्न मिळतें, आणि जखमी सैनिक तेथें विसावला तर प्रत्येक पाळीस ८ अंशांनीं बरा होतो. या सर्वांचा मेळ घालून सेनापतीनें चाल ठरवावयाची. मात्र चाल ठरल्यावर प्रत्येक वाराचा निकाल यंत्र जणूं फांसा टाकून लावतें, आणि भांडणास आरंभ होतो तो येथें.

एक पक्ष म्हणतो, हा बुद्धीचा खेळच नव्हे. बुद्धिबळांत हत्तीनें प्यादें मारलें म्हणजे तें मेलें. येथें उत्तम चाल करूनहि वार हुकतो आणि मूर्ख चाल करणारा तरून जातो. दुसरा पक्ष म्हणतो कीं, यंत्र लबाड आहे. आपल्या बाजूस तें चांगले फांसे राखून ठेवतें. तिसरा पक्ष थोड्यांचा. ते म्हणतात, ज्याला हरतां येत नाहीं तोच फांशाला दोष देतो. हें तिसरें मत मोठ्या माणसांस फार आवडतें, म्हणून मला त्याचाच प्रथम संशय येतो.

नववींतील एक मुलगा आहे. त्यानें ‘एअर टु द थ्रोन’ ही मोहीम हातीं घेतली होती. तींत कोन्राड नांवाच्या तरुण राजपुत्रास, डेल्फाडोर या वृद्ध जादूगाराच्या साह्यानें, बळकावलेलें राज्य परत मिळवावयाचें असतें. मोहिमेचा नियम असा कीं, एका लढाईंत वांचलेला सैनिक पुढच्या लढाईंत २० सुवर्णनाणीं देऊन पुन्हा बोलावतां येतो. त्याचा अनुभव वाढतो, साधा घोडेस्वार वरच्या पायरीचा सरदार होतो. पण मेला तो कायमचा मेला. या मुलानें एक घोडेस्वार पांच लढायांत जिवापाड जपून सरदारपदास चढविला होता. एके शनिवारीं त्यानें किल्ल्याच्या तटांतील एका साध्या ऑर्कावर त्यास घातला. भाल्याचे दोन्ही वार हुकले, ऑर्काचे दोन्ही लागले, आणि आधींच अर्धा घायाळ असलेला तो सरदार पडला. मुलगा कांहीं न बोलतां खोलींतून निघून गेला. बाकीचे हसले. रात्रीं तो जेवावयास आला नाहीं असें मला वसतिगृहाच्या अधीक्षकांकडून कळलें.

सोमवारीं आम्हीं तो प्रसंग फळ्यावर मांडला. तटांतील ऑर्कावर एक वार हुकण्याचा संभव ६० टक्के, म्हणून दोन्ही हुकण्याचा ३६. माळावरील स्वारावर ऑर्काचे दोन्ही वार लागण्याचा संभवहि ३६. हीं दोन्हीं संकटें एकदम कोसळण्याचा संभव १३ टक्क्यांच्या जवळ येतो, म्हणजे साधारणतः आठांत एक वेळ. मुलें चकित झालीं. ज्या घटनेस तीं ‘लाखांत एक’ म्हणत होतीं ती आठांत एक होती! त्यांतच, भाला रोखून चाल करून जाणारा स्वार दुप्पट घाव घालतो, पण उलट घावहि दुप्पट सोसतो, हा खेळाचा नियम. आणि ती वेळ रात्रीची होती, म्हणजे स्वाराचें बळ घटलेलें व ऑर्काचें वाढलेलें. इतकें सर्व प्रतिकूल असतां त्यानें घोडा पुढें घातला होता. मग दुसरें उदाहरण घेतलें. जादूगाराचे अग्निबाण तीन. शत्रु कोठेंहि उभा असो, प्रत्येक बाण ७० टक्के लागतो. तिन्ही हुकण्याचा संभव १००० त २७. ‘हें तर घडणारच नाहीं,’ असें एकजण म्हणाला. परंतु एका मोहिमेंत असे ४० हल्ले केले, तर त्यांपैकीं निदान एकदां तरी तिन्ही बाण वायां जाण्याचा संभव तीनांत दोन आहे. जें एकदां घडणें दुर्मिळ, तें पुष्कळ वेळां खेळणाऱ्यास भेटल्यावांचून राहत नाहीं. गणिताचा हा पाठ पाठ्यपुस्तकावरून शिकवितांना मला इतक्या टवटवीत चेहऱ्यांचा लाभ कधीं झाला नव्हता.

यंत्र लबाड असल्याच्या आरोपाचा निकालहि कठीण नाहीं. आपण किती इजा केली व हिशेबानें किती व्हावयास हवी होती, याचा तक्ता खेळांतच पाहावयास मिळतो. मीं गाऱ्हाणें करणाऱ्या तिघांस तो उघडावयास लावलें. दोघांचें दैव हिशेबाच्या जवळपास निघालें आणि तिसऱ्याचें, जो सर्वांत मोठ्यानें ओरडत होता, हिशेबाहून चांगलें. आपले लागलेले वार तो विसरला होता. ते त्यास आपल्या हुशारीचे वाटले होते. शिवाय, वर सांगितल्याप्रमाणें खेळाची अंतर्रचना सर्वांस खुली आहे. इतक्या वर्षांत इतक्या जाणत्यांच्या डोळ्यांखालून ती गेली आहे. तींत लबाडी असती तर लपून राहिली नसती.

तेव्हां गणितानें गाऱ्हाणें खोटें ठरलें. पण म्हणून त्या रात्रीं उपाशी निजलेल्या मुलाचें दुःख खोटें होतें काय? मला तसें म्हणवत नाहीं. पांच लढाया, म्हणजे त्याचे पांच शनिवार. त्या स्वारास खेळानें दिलेलें एक नांव होतें, आणि तें त्यास पाठ होतें. ‘एवढ्यानें काय झालें, खेळच तो’ असें म्हणणाऱ्या तिसऱ्या पक्षानें कधीं कांहीं जपून वाढविलें नसावें.

या खेळाची खरी कठिणता माझ्या मतें फांशांत नाहींच. ती अशी कीं, येथें मागच्या लढाईचें ऋण पुढच्या लढाईंत फेडावें लागतें. एका युद्धांत उगीच माणसें गमावलीं, वेळ काढला, तर पुढच्या युद्धास सोनें कमी उरतें व अनुभवी सैनिक उरत नाहींत. आणि कधीं कधीं तीन लढायांपूर्वीं केलेल्या चुकीमुळें समोरची लढाई जिंकणें जवळजवळ अशक्य होऊन बसतें. खेळणारास मात्र वाटतें कीं आपण आजच हरलों. मोहिमेच्या पहिल्याच लढाईंत नवखे फसतात तेंहि असेंच. तेथें चहूंकडून ऑर्क लोटलेले असतात आणि कोन्राडानें निसटून जावयाचें असतें. पण मुलें पळण्यांत कमीपणा मानून लढत बसतात. हें जुनें ऋण आधीं दिसत नाहीं याबद्दल कोणी खेळास दोष दिला, तर मी त्याचा पक्ष घेईन. तो खेळाचा दोषच आहे.

फांसा काढून टाकावा या मागणीस मात्र माझा विरोध आहे. लढाईच्या खेळांत दैवास जागा देणें ही कांहीं नवी खोड नव्हे. अल् बेरुनीनें सुमारें हजार वर्षांपूर्वीं आपल्या देशांतील चौघांच्या बुद्धिबळाचें वर्णन केलें आहे, त्यांत फांसे टाकीत. १८२४ सालीं प्रशियाच्या सैन्यांतील राइसविट्झ या अधिकाऱ्यानें सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं नकाशावरील युद्धाचा खेळ रचला, त्यांतहि चकमकीचा परिणाम फांशांनीं ठरे. प्रत्यक्ष रणांत पाऊस पडतो, घोडा अडखळतो, निरोप्या वाट चुकतो. जो सेनापति ‘वार लागला तर’ एवढाच विचार करतो आणि ‘न लागला तर’ मागें कोणास उभें करावयाचें याचा करीत नाहीं, त्यानें अर्धाच विचार केला. फांसा गेला तर हा दुसरा अर्धा विचारहि जाईल, आणि मग एकदां सांपडलेली युक्ति घोकून कोणीहि जिंकेल. दैवाचा चढउतार कमी करणारा पर्याय अलीकडच्या आवृत्त्यांत ठेवलेला आहे. लहान मुलांनीं तो घ्यावा, त्यांत लाज नाहीं.

आतां चोरवाटेविषयीं. खेळ कोठेंहि थांबवून जतन करून ठेवतां येतो. वार हुकला कीं लगेच मागची स्थिति उघडावयाची, पुन्हा वार करावयाचा, लागेपर्यंत असें करीत राहावयाचें. मुलांत यास ‘लबाडी’ म्हणावें कीं नाहीं यावर दोन तट आहेत. मला येथें कबुली देणें भाग आहे. गेल्या नाताळच्या सुटींत एका जादूगारासाठीं मीं तीच पाळी नऊ वेळां पुन्हा उघडली. नवव्या वेळीं जादूगार वांचला. परंतु त्यानंतरच्या लढाईंत मीं एकहि राखीव सैनिक ठेवला नाहीं असें माझ्या लक्षांत आलें. ठेवण्याची गरज उरली नव्हती. म्हणून मी असा भेद करतों: सबंध लढाई पहिल्यापासून पुन्हा खेळणें योग्य आहे, कारण तींत नवा बेत करावा लागतो, एकच वार पुन्हा पुन्हा मारून पाहणें अयोग्य, कारण तींत बेताची जरूर राहत नाहीं. मुलांनीं हा भेद अर्धामुर्धाच मानला आहे. कांहींच्या मतें मास्तरांनीं नऊ वेळां मौज करून घेतल्यावर नियम काढला!

राहिलें पालकांचें पत्र. त्या गृहस्थांनीं लिहिलें होतें कीं, क्रुसाखालीं बसून शिपायांनीं प्रभूच्या वस्त्रासाठीं चिठ्ठ्या टाकल्या. फांशाचा नाद त्याच जातीचा, आणि मिशनच्या शाळेंत तो नसावा. धर्मराजानेंहि फांशांपायींच राज्य घालविलें, असेंहि पुढें होतें. पत्र कळकळीचें होतें, म्हणून मी उत्तर न लिहितां त्यांच्या घरीं गेलों. मीं त्यांस म्हटलें कीं, यहूदाच्या जागीं मत्थियाची निवड झाली तीहि चिठ्ठ्या टाकूनच, आणि ती प्रार्थनेनंतर प्रेषितांच्या देखत. तेव्हां चिठ्ठी स्वतः पापी नव्हे. शिपायांचें पाप दुसऱ्याचें वस्त्र घेण्यांत होतें आणि धर्मराजाचें बायकोभावांस पणास लावण्यांत. वेस्नॉथांत पण नाहीं, पैसा नाहीं, दुसऱ्याचें कांहीं घेणें नाहीं. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि मग विचारलें, ‘आणि वेळ? वेळ पणास लागत नाहीं काय?’ यावर मजपाशीं उत्तर नव्हतें. मुख्याध्यापकांनीं दिवाळीनंतर दोन तासांचा दीड तास केला, तो या प्रश्नामुळें. आणि तें ठीकच झालें.

तो नववींतला मुलगा दोन शनिवार खोलीकडे फिरकला नाहीं. तिसऱ्या शनिवारीं आला, आणि सरदार मेला त्याच्या पुढल्या पाळीपासून त्यानें मोहीम चालू केली. मागची स्थिति उघडली नाहीं. पुढें त्यास नवा घोडेस्वार मिळाला. सैनिकाचें नांव बदलण्याची सोय खेळांत आहे. त्यानें त्यास जुन्याचेंच नांव दिलें. मेलेल्याचें नांव जिवंतास देणें मला कसेंसेंच वाटलें व मीं तसें म्हटलें. तो म्हणाला, ‘सर, माझेंहि नांव आजोबांचेंच आहे.’ मग मी गप्प बसलों. नवा स्वार अद्याप पहिल्याच पायरीवर असून त्यास रात्रीं तटाजवळ नेत नाहींत.