मीठ आपले, विद्याही आपली हवी

लिथियमसाठी जगभर धावपळ चालू असता संशोधकांचे लक्ष सोडियमच्या बॅटरीकडे वळावे, हे स्वाभाविकच आहे. भूकवचात सोडियमचे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. लिथियमचे दहा लाख भागांत अवघे वीस भाग. ज्या देशाच्या किनाऱ्यावर मिठागरे पसरली आहेत, त्याला सोडियमसाठी कोणाच्या दारी जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या केपीआयटी या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये आयसर, पुणे या संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम बॅटरीचे तंत्र जाहीर केले, ही गोष्ट म्हणूनच स्वागतार्ह ठरते.

तथापि कच्चा माल विपुल आहे, एवढ्याने बॅटरी सिद्ध होत नाही. तिच्या दोन ध्रुवांमध्ये सोडियमचे आयन ज्या माध्यमातून ये-जा करतात, त्या इलेक्ट्रोलाइटवर तिची सुरक्षितता बरीचशी अवलंबून असते. हे माध्यम बहुधा ज्वलनशील सेंद्रिय द्रवाचे असते. बॅटरी फाजील तापली अथवा फुटली, तर ते पेट घेऊ शकते. लिथियमच्या जागी सोडियम आल्याने हा धोका आपोआप टळत नाही.

द्रवाऐवजी घन बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, वापरण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील शेफील्ड येथे पीटर राइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली पॉलिएथिलीन ऑक्साइड आणि सोडियमसारख्या धातूंचे क्षार यांचे संयुक्त पदार्थ तयार केले. परंतु सामान्य तापमानात अशा घन पदार्थातून आयन फारच मंद सरकतात. जेल हा यातील मधला मार्ग होय. बहुवारिकाच्या जाळ्यात द्रव धरून ठेवला की गळतीचे भय कमी होते आणि आयनांची वाटही पुष्कळशी मोकळी राहते.

या मार्गालाही अडचणी आहेतच. द्रव वाढवावा तर जेलची बळकटी घटते. कमी करावा तर आयनांचा वेग मंदावतो. शिवाय आतला द्रव ज्वलनशील असल्यास जेलही निर्धोक म्हणता येत नाही. हा तोल प्रयोगशाळेतील नाण्याएवढ्या घटात साधणे निराळे आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात धावणाऱ्या रिक्षात हजारो वेळा भरल्या-रिकाम्या होणाऱ्या बॅटरीत टिकविणे निराळे.

तेव्हा घोषणांइतकेच महत्त्व दीर्घकाळ चालणाऱ्या कठोर चाचण्यांना दिले पाहिजे. विद्यापीठांतील रसायनशाळांना त्यासाठी उपकरणे, निधी आणि मुख्य म्हणजे सवड मिळाली पाहिजे. मीठ आपले, पण त्याची विद्या परक्याची, अशी स्थिती राहिली, तर परावलंबनाचे केवळ नाव बदलेल.