‘परतले’ म्हणजे काय?

रायगडातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलींचा विषय निघाला की सवच्या गरम पाण्याच्या कुंडापासून मुंबईच्या व्यासपीठापर्यंत एकच कौतुकाचे वाक्य ऐकू येते: ‘ते आपल्या मायदेशी परतले.’

माझा आक्षेप ‘परतले’ या शब्दाला आहे. पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावे लावणारी, घरात मराठी बोलणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ म्हणून ओळखली जाणारी ही माणसे, जिथे हयातीत राहिली नव्हती तिथे परतणार कशी? नव्याने जाणारा माणूस अटी विचारतो. ‘परतणाऱ्या’ने मात्र कृतज्ञ राहायचे असते. बोलावणाऱ्यांना हा शब्द सोयीचा असतो तो यामुळेच.

ही सोय कुठवर जाते ते जपानमधील कोरियनांना विचारावे. ऑगस्ट १९५९ मध्ये दोन्हीकडच्या रेडक्रॉस संस्थांनी करार केला (तोही आपल्या कलकत्त्यात!) आणि १९८४ पर्यंत सुमारे ९३ हजार माणसे उत्तर कोरियाच्या ‘भूतलावरील स्वर्गा’त ‘परतली’. त्यांतल्या बहुतेकांचे मूळ गाव कोरियाच्या दक्षिण भागातले होते. स्वर्ग खोटा निघाला, तेव्हा परतीचे जहाज नव्हते.

बेने इस्रायलींच्या वाट्याला एवढे भीषण काही आले नाही, हे मान्यच. ते भांडू शकले. पण भांडावे लागले. १९५१ साली बीरशेबात वसवलेल्यांपैकी काहींनी भेदभावाविरुद्ध तेल अवीवला ज्यूइश एजन्सीच्या दारात ठाण मांडले. मागणी काय, तर आम्हांला भारतात पाठवा! १९५२ साली काहींना खरोखरच पाठवावे लागले. (त्यांतले बरेच पुढे पुन्हा इस्रायलला गेले, माणसाचे मन तक्त्यात बसत नाही.) १९६२ मध्ये तर मुख्य रब्बींच्या कचेरीने फर्मान काढले की बेने इस्रायलीचा इतर ज्यूशी विवाह लावण्यापूर्वी मातृकुळाची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. बोलावताना पुरेसे असलेले रक्त लग्नाच्या वेळी संशयास्पद ठरले. आंदोलन पेटले, १९६४ मध्ये तिथल्या संसदेने, क्नेसेटने, ठराव केला, तेव्हा कुठे फर्मानातून जमातीचे नाव निघाले.

आणि आपण? ‘आम्ही त्यांना कधी छळले नाही’ या भांडवलावर आपली सहिष्णुता चालते. पण ‘मायदेशी परतले’ म्हणताना आपण नकळत मान्य करतो की शतकानुशतके राहूनही हा कोकण त्यांचा नव्हता. इस्रायलमध्ये जाऊन ‘मायबोली’ या नावाचे मराठी नियतकालिक काढणाऱ्यांचा मायदेश कोणता, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?